पोस्टरवरचा राक्षस पडद्यावर का येत नाही?

१९५९ साली अमेरिकेत रॉजर कॉर्मन यांचा ‘द वास्प वुमन’ हा चित्रपट लागला. पोस्टरवर माणसाहून मोठी गांधीलमाशी रंगवलेली होती. तिला चेहरा एका देखण्या बाईचा, आणि तिच्या पायांच्या विळख्यात एक पुरुष. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला मात्र उलटंच काहीतरी दिसलं. अंग साध्या बाईचं आणि डोक्यावर माशीचा मुखवटा. तोही चित्रपट बराचसा सरल्यावर, तुकड्यातुकड्यांनी. त्याआधीचा वेळ प्रसाधनांच्या कंपनीत बसून विक्री का घटली याची चर्चा ऐकण्यात गेलेला.

अशा चित्रपटांना ‘एक्स्प्लॉयटेशन’ चित्रपट म्हणतात. त्यांच्याबद्दल बोलताना लोक एका वाक्यात निकाल लावतात: पैसा नव्हता, म्हणून वाईट झाला. हे कारण अपुरं आहे. तितक्याच पैशात, काही वेळा त्याहून कमी पैशात, विलक्षण चित्रपट झाले आहेत. प्रेक्षकाची निराशा कुठून येते हे समजायचं असेल तर दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. पोस्टरवरचं वचन कोण आणि कधी देतं, ही एक. आणि पडद्यावरची मिनिटं कशी भरली जातात, ही दुसरी. या चित्रपटांत ही दोन्ही कामं वेगळ्या माणसांकडे, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या हिशेबाने होत असत. मधे जी फट राहते तिथेच प्रेक्षक पडतो.

आधी शब्दाचा अर्थ. ‘एक्स्प्लॉयटेशन’ म्हटलं की आज आपल्याला शोषण आठवतं. अमेरिकी चित्रपटधंद्यात मात्र हा शब्द मुळात जाहिरातबाजीसाठी होता: पोस्टर, फलक, थिएटरबाहेरची सजावट, गावात उठवायचा गाजावाजा. नामांकित नट असलेला चित्रपट नटाच्या नावावर चालतो. ज्यात कोणी नामांकित नाही, मोठ्या स्टुडिओचा शिक्का नाही, त्याला केवळ गाजावाजाच तारणार. असा गाजावाजा करता येईल असा विषय ज्यात आहे, तो एक्स्प्लॉयटेशन चित्रपट. विषय कोणते? मोठे स्टुडिओ ज्यांना हात लावत नव्हते ते. १९३० साली स्टुडिओंनी स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. लैंगिक संबंध, अमली पदार्थ, बाळंतपण हे विषय एकतर बाद झाले किंवा झाकून दाखवायचे झाले. जे बाद झालं ते बाहेरच्या माणसांनी उचललं.

या बाहेरच्या माणसांची पद्धत पाहिली की पुढचं सगळं उलगडतं. चित्रपटाच्या प्रती गाडीत घालून ते गावोगाव फिरत. थिएटर काही दिवसांसाठी घेत, जोरात जाहिरात करत, गल्ला गोळा करत आणि पुढच्या गावाला जात. चित्रपटाच्या सुरुवातीला एक लांबलचक मजकूर यायचा: समाजातल्या एका भयंकर संकटाची जाणीव करून देण्यासाठी हा चित्रपट बनवला आहे, वगैरे. धंद्यात त्याला ‘स्क्वेअर-अप’ म्हणत. हेतू शैक्षणिक आहे असं सांगून पोलिसांना आणि सेन्सॉरला थोपवायचं, हा त्याचा उपयोग. क्रोगर बॅब यांचा १९४५ चा ‘मॉम अँड डॅड’ हा या पद्धतीचा कळस. पुरुषांचे आणि बायकांचे खेळ वेगळे, मध्यंतरात ‘आरोग्यतज्ज्ञ’ म्हणून एका वक्त्याचं भाषण, आणि भाषणानंतर पुस्तिकांची विक्री. तो वक्ता सगळीकडे एकाच नावाने वावरे. प्रत्यक्षात वेगवेगळ्या फिरत्या पथकांबरोबर वेगवेगळी माणसं तेच नाव लावून भाषण देत. मूळ कथा अगदी सोवळी, एका भोळ्या मुलीची. लोक ज्यासाठी येत ते प्रसूतीचं चित्रण कथेच्या आत एक वेगळा तुकडा म्हणून बसवलेलं होतं.

याच धंद्यात आणखी एक प्रथा होती. चित्रपटात अपेक्षेइतकं काही दिसलं नाही आणि प्रेक्षक खवळले, तर जवळ ठेवलेलं एक जादा रीळ शेवटी दाखवायचं. त्यालाही ‘स्क्वेअर-अप’ रीळच म्हणत. प्रेक्षक निराश होणार हे गृहीत धरून त्यावरचा उतारा बरोबर नेला जात होता. निराशा ही या धंद्याच्या रचनेतच होती, याला याहून मोठा पुरावा नको.

आधी नाव, मग चित्र, मग पटकथा

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट या स्टुडिओविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली. त्यातच दूरचित्रवाणी आली. स्टुडिओंनी स्वस्तातले दुय्यम चित्रपट काढणं कमी केलं. थिएटरं मात्र उभी होती, आणि उघड्या मैदानात मोटारीत बसून पाहायची ड्राइव्ह-इन थिएटरं वाढत होती. १९५८ च्या सुमारास ती चार हजारांच्या वर गेली. या सगळ्या पडद्यांना माल हवा होता.

१९५४ मध्ये जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी एक कंपनी काढली. ती पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने ओळखली गेली. तिची पद्धत सरळ होती. निकल्सन आधी नाव सुचवायचे. नावावरून चित्रकार पोस्टर रंगवायचा. नाव आणि पोस्टर थिएटरमालकांना दाखवायचं. त्यांना पटलं तर पटकथा लिहायला घ्यायची. कोणासाठी लिहायची, हेही ठरलेलं होतं. लहान मुलं मोठ्यांचे चित्रपट पाहतात, मोठी मुलं लहानांचे पाहत नाहीत; मुली मुलांच्या आवडीचे पाहतात, मुलं मुलींच्या आवडीचे पाहत नाहीत; तेव्हा एकोणीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे सगळे येतील. हा त्यांचा आडाखा होता आणि व्यवहारात तो खरा ठरला.

पैशाची एक बारीक गोष्टही इथेच सांगायला हवी. त्या काळी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मुख्य चित्रपटाला तिकीटविक्रीतला टक्का मिळे, जोडीच्या चित्रपटाला फक्त ठरलेलं भाडं. स्वस्त चित्रपट नेहमी जोडीला जाई, त्यामुळे गर्दी कितीही झाली तरी निर्मात्याच्या हातात तीच ठरावीक रक्कम. आर्कॉफ आणि निकल्सन यांनी यावर दोन स्वस्त चित्रपटांची जोडीच विकायला काढली. दोन्ही आपलेच, म्हणजे टक्काही आपलाच. धंदा म्हणून ही युक्ती अचूक होती, पण चित्रपटांच्या दृष्टीने तिचा एक परिणाम झाला. आता एका नावाऐवजी दोन नावं विकायची होती, आणि दोन्ही चित्रपट मिळून एका चित्रपटाच्या खर्चात बसवायचे होते.

वितरणही प्रांतवार चाले. प्रतींचा खर्च मोठा, म्हणून मोजक्याच प्रती काढायच्या. एका भागात एकाच आठवड्यात जमेल तितक्या थिएटरांत चित्रपट लावायचा, आणि चित्रपट वाईट आहे ही बातमी पसरण्याच्या आत त्याच प्रती पुढच्या भागात न्यायच्या. अशा व्यवस्थेत प्रेक्षकाचं मत पोचतं तेव्हा गल्ला मोजून झालेला असतो. शेवटची वीस मिनिटं सुधारण्यासाठी निर्मात्याने आणखी पैसे घालावेत, असं त्याला सांगणारा आकडा कुठेच नसतो.

१९५५ चा ‘द बीस्ट विथ अ मिलियन आइज’ हे याचं ठळक उदाहरण. नावात दहा लाख डोळे, पोस्टरवर डोळेच डोळे असलेला अक्राळविक्राळ प्राणी. पटकथेत मात्र परग्रहावरची ती शक्ती अदृश्य होती. ती गावातल्या पशुपक्ष्यांच्या डोळ्यांतून पाहते, म्हणून दहा लाख डोळे. कल्पना वाईट नाही, स्वस्तात होण्यासारखीही आहे. पण पोस्टर पाहिलेल्यांना प्राणीच हवा होता. शेवटी पॉल ब्लेझडेल या कारागिराकडून अगदी थोड्या पैशात एक छोटी बाहुली करून घेतली आणि ती शेवटच्या भागात काही क्षण दाखवली. त्या चित्रणावरही एक मोठा डोळा आणि भोवरे छापलेले, त्यामुळे बाहुली धड दिसतही नाही. न दिसणाऱ्या भीतीवर रचलेली गोष्ट होती. तिच्या शेवटी बाहुली आणून बसवल्यावर ती भीतीही गेली आणि वचनही पाळलं गेलं नाही.

कंटाळा कुठे तयार होतो

अशा चित्रपटांतला खरा दोष खोटा राक्षस नसतो. खोटा राक्षस माणूस माफ करतो. माफ होत नाही तो कंटाळा, आणि कंटाळ्यामागे अगदी मोजता येईल असं गणित आहे.

३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला ९० फूट. ८० मिनिटांच्या चित्रपटाला ७,२०० फूट लागतात. पडद्यावरच्या दर मिनिटामागे तीन मिनिटं चित्रित करायची म्हटली तर २१,६०० फूट निगेटिव्ह विकत घ्यायची, धुवायची आणि पाहण्यासाठी तिची प्रत काढायची. दहा मिनिटं करायची म्हटली तर ७२,००० फूट. स्वस्त चित्रपटात तीनास एक हे प्रमाणही चैनीचं वाटतं. म्हणून पहिला टेक जमेल तसा झाला की पुढे जायचं, हा नियम होतो. नट वाक्य अडखळत बोलला तरी अर्थ कळला ना, मग चला.

आता वेळ. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा जुना ठोकताळा. ८० पानं दहा दिवसांत म्हणजे रोज आठ पानं. कॅमेरा आणि दिवे हलवून नवी जागा लावली की एक सेटअप. दहा तासांच्या दिवसात पंचवीस सेटअप करायचे तर प्रत्येकाला चोवीस मिनिटं मिळतात. त्यातच दिवे उचलायचे, तारा ओढायच्या, नटांना जागा दाखवायच्या, एक तालीम करायची, टेक घ्यायचा. दहा दिवसांत असे २५० सेटअप. पडद्यावर भरायचे आहेत ४,८०० सेकंद. म्हणजे प्रत्येक सेटअपमधून सरासरी १९ सेकंद चित्रपटात जायलाच हवेत. वेळापत्रक सहा दिवसांचं असेल तर हा आकडा ३२ सेकंदांवर जातो.

या आकड्याचा पडद्यावर काय परिणाम होतो ते एका प्रसंगात पाहू. खोलीत दोन माणसं तीन मिनिटं बोलतात. वेळ असेल तर दिग्दर्शक आधी दोघं दिसतील असा पूर्ण शॉट घेतो, मग एकाचा जवळून, मग दुसऱ्याचा जवळून, मग टेबलावरच्या पत्राचा. संकलकाकडे चार धागे येतात. एका नटाने उत्तराआधी नको इतका थांबा घेतला तर संकलक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि तो थांबा कापून टाकतो. चोवीस मिनिटांत मात्र फक्त पहिला, दोघांचा शॉट होतो. आता संकलकाकडे जायला दुसरी जागाच नाही. मधला थांबा कापला तर माणसं जागच्या जागी टुणकन उडतात. म्हणून थांबा तसाच ठेवावा लागतो. तीन मिनिटांत चाळीस वाक्यं आणि प्रत्येकामागे एक सेकंद जास्त, म्हणजे चाळीस सेकंदांची पोकळी. असे पंधरा प्रसंग आले की चित्रपटात दहा मिनिटं नुसती शांतता भरलेली असते. प्रेक्षकाला हे गणित कळत नाही. त्याला एवढंच जाणवतं की ही माणसं पाण्याखाली असल्यासारखी बोलतात.

उपाय स्वस्त आहे, म्हणूनच तो न केल्याचं वाईट वाटतं. दारावरची कडी, थरथरणारा हात, ऐकणाऱ्याचा चेहरा, घड्याळ असे दहा सुटे शॉट, प्रत्येकी सहा सेकंदांचे. एकूण एक मिनिट, नव्वद फूट फिल्म. आवाज लागत नाही, दिवा एकच पुरतो, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. एवढ्यावर संकलक सगळा प्रसंग घट्ट करू शकतो. ज्या दिग्दर्शकांनी आधी संकलन केलेलं असतं ते हे शॉट न चुकता घेतात. विक्रीकडून दिग्दर्शनाकडे आलेल्याला त्यांची आठवण संकलनाच्या टेबलावर होते, आणि तेव्हा सेट मोडलेला असतो.

दुसरा भराव चालण्याचा आणि गाडी चालवण्याचा. पटकथा पासष्ट पानांची झालेली असते आणि वितरकाला पंचाहत्तर मिनिटं हवी असतात. दहा मिनिटं कुठून आणायची? गाडीला दिवे लागत नाहीत, आवाज नंतर संगीताने भरता येतो, नटही एकच पुरतो. म्हणून नायक गाडीत बसतो, गाडी वळण घेते, पूल ओलांडते, दाराशी थांबते. क्लबमधला नाच, समुद्रकिनाऱ्यावरची भटकंती, जंगलातून टॉर्च घेऊन फिरणं ही सगळी त्याचीच भावंडं. एखादा माणूस कुठे पोचला हे सांगायला दोन शॉट पुरतात. अकरा शॉट दिसले की समजावं, इथे घड्याळ भरलं जात आहे.

‘मॅनोस’ जवळून पाहताना

हे सगळे दोष एकाच ठिकाणी पाहायचे तर १९६६ चा ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ पाहावा. टेक्सासमधल्या एल पासो शहरात खतं विकण्याच्या व्यवसायातल्या हॅरोल्ड वॉरन यांनी तो लिहिला, काढला, दिग्दर्शित केला आणि नायकही तेच झाले. खर्च सुमारे १९,००० डॉलर.

कॅमेरा होता १६ मिलिमीटरचा, किल्ली देऊन चालणारा. एकदा किल्ली दिली की जास्तीत जास्त ३२ सेकंद चाले. १६ मिलिमीटरच्या फुटात ४० फ्रेम बसतात, म्हणजे ३२ सेकंदांत साधारण १९ फूट. एवढ्यात संवाद, हालचाल आणि भाव सगळं संपलं पाहिजे. नाही तर नटाला मधेच थांबवून पुन्हा किल्ली द्यायची आणि तोच भाव पुन्हा पकडायला सांगायचं. कसलेल्या नटाला हे जड जातं, नवख्याचं तर विचारायलाच नको. या चित्रपटातली माणसं वाक्य संपल्यावर क्षणभर रिकाम्या नजरेने उभी राहतात. त्यामागे यंत्राची ही मर्यादा मोठी आहे.

त्या कॅमेऱ्याबरोबर आवाज घेता येत नव्हता. सगळे संवाद नंतर मोजक्याच माणसांनी भरले. म्हणून वेगवेगळ्या तोंडांतून तेच आवाज ऐकू येतात आणि लहान मुलीच्या तोंडी मोठ्या बाईचा आवाज येतो. चित्रपटाच्या सुरुवातीची गाडीतली लांबण श्रेयनामावली वरून छापण्यासाठी ठेवली होती, पण नावं तिथे आलीच नाहीत. रात्रीच्या चित्रणात दिव्यांवर पतंग जमले आणि ते फ्रेममध्ये फिरताना दिसतात. दिव्यांचा उजेडही थोड्याच जागेपुरता होता. गोळीचा आवाज ऐकून पोलीस गाडीतून उतरतात, चार पावलं टाकतात आणि परत गाडीत बसतात. त्यापुढे अंधार होता.

तरीही वॉरन यांच्या गोष्टीत एक धड बीज आहे: आडरस्त्याला चुकलेलं कुटुंब आणि परत जाऊ न देणारं घर. ३२ सेकंदांचा कॅमेरा हातात आहे हे आधी ओळखून छोट्या, तुटक शॉटांची पटकथा लिहिली असती, संवाद निम्मे केले असते आणि बरंचसं चित्रण दिवसा केलं असतं, तर तोच कॅमेरा पुरला असता.

रात्र, आवाज आणि राक्षस

खरी रात्र चित्रित करायला खूप दिवे लागतात, म्हणून दिवसाची रात्र करतात. रीत ठरलेली आहे. सूर्य नटांच्या मागे ठेवायचा, म्हणजे कडा उजळतात आणि चेहरे सावलीत राहतात. प्रकाश दीड ते दोन स्टॉप कमी घ्यायचा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). रंगीत चित्रपटात घरातल्या दिव्यांसाठीची फिल्म बाहेर, फिल्टरशिवाय वापरायची, म्हणजे निळसर झाक येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकाश फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही. उजळ आकाश दिसलं की रात्र मोडली. बहुतेक वेळा चूक इथेच होते, कारण आकाश टाळायला उंच जागा किंवा झाडी शोधावी लागते आणि शोधायला वेळ नसतो. कधी चूक प्रयोगशाळेत होते. ‘हा प्रसंग रात्रीचा आहे, काळा ठेवा’ ही सूचना निगेटिव्हबरोबर गेली नाही तर छापणारा तंत्रज्ञ तिला कमी प्रकाशाची चूक समजतो आणि उजळून देतो. मग ‘रात्र फार झाली’ म्हणणाऱ्या नटाची दुपारची आखूड सावली पायाशी स्पष्ट दिसते.

आवाजाकडे प्रेक्षक डोळ्यांपेक्षा कमी माफीने पाहतो. चित्र धूसर असलं तरी चालतं. संवाद ऐकू येत नसतील तर माणूस दहा मिनिटांत सुटतो. नंतर भरलेल्या आवाजात दोन चुका नेहमीच्या. पहिली, ओठ आणि आवाज यांचं अंतर. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. एवढं घसरलं तरी काहीतरी बिनसलंय हे जाणवतं. दुसरी चूक जास्त घातक. सगळे संवाद एकाच बंद खोलीत, माइकपासून एकाच अंतरावर बोललेले असतात. लांबच्या टेकडीवरचा माणूस कानाशी बोलल्यासारखा वाटतो. चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांना गप्प बसवून तिथला नुसता एक मिनिटाचा आवाज ध्वनिमुद्रित करून आणला आणि संवादांखाली ठेवला तर निम्मं काम होतं.

राक्षसाचा पोशाख बहुधा एकच असतो, रबराचा आणि स्पंजाचा. तो एका शॉटमध्ये फाटला तर दुसरा नाही, म्हणून त्याचं काम शेवटच्या दिवशी ठेवतात. शेवटच्या दिवशी घाई सर्वांत जास्त. म्हणून ज्याच्या नावावर तिकिटं विकली त्यालाच सगळ्यात कमी वेळ आणि सगळ्यात सपाट उजेड मिळतो. तोच पोशाख मागून उजेड टाकून, खांद्याच्या वर, दीड सेकंद दाखवला तर पाहणारा उरलेलं मनात भरतो.

कधी वेगवेगळ्या काळचं चित्रण जोडून नवा चित्रपट केला जाई. अल अ‍ॅडमसन यांचा ‘सायको अ गो-गो’ हा १९६५ चा गुन्हेगारीपट धड चालला नाही. त्यात नवे प्रसंग घालून तो वेड्या शास्त्रज्ञाचा चित्रपट झाला, आणि काही वर्षांनी आणखी नवे प्रसंग घालून ‘ब्लड ऑफ घॅस्टली हॉरर’. अशा चित्रपटात मधेच केसांची ठेवण, मोटारींची घडण आणि फिल्मचा रंग बदलतो. गोष्ट कळत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. ती एका बैठकीत लिहिलेलीच नाही.

मग काही चित्रपट का जमले?

हर्शेल गॉर्डन लुईस यांचा ‘ब्लड फीस्ट’ हा १९६३ चा चित्रपट फ्लोरिडात सुमारे २४,५०० डॉलरमध्ये झाला. अभिनय लाकडी, संवाद त्याहून कडक. पण जाहिरातीत जे रक्त कबूल केलं होतं ते पडद्यावर, भडक रंगात, भरपूर होतं. चित्रपट म्हणून तो मला मोठा वाटत नाही, तरी निराश झालेला प्रेक्षक त्याच्या वाट्याला कमी आला, कारण सगळा खर्च वचनावर केला होता.

हर्क हार्वी यांनी वेगळी वाट काढली. कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहरात ते शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट करत. १९६२ च्या ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’साठी त्यांनी आधी जागा पाहिली: ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरचा सॉल्टएअर नावाचा ओसाड पडलेला भव्य मंडप. गोष्ट त्यावरून सुचली. सेट बांधायला लागला नाही. भुतं म्हणजे पांढरा रंग फासलेले चेहरे. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, म्हणून सगळं संगीत एका ऑर्गनवर झालं आणि ते कमी पडल्यासारखं वाटतही नाही. काही आवाज नंतर भरलेला असल्याने संवाद जरा अधांतरी वाटतात. पण नायिका जगापासून तुटत चाललेली आहे, आणि मधेच तिला कोणाचाच आवाज ऐकू येईनासा होतो, तेव्हा ध्वनिपट्टी पूर्ण शांत होते. शांततेला एक पैसा लागत नाही. जी उणीव इतरांच्या चित्रपटात दोष म्हणून दिसते ती इथे गोष्टीच्या कामाला लावली आहे.

टोबी हूपर यांच्या १९७४ च्या ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’च्या नावात करवत आणि कत्तल दोन्ही आहेत. पडद्यावर रक्त मात्र आश्चर्य वाटावं इतकं थोडं आहे. करवतीचा आवाज, ऊन, घाम, हाडांनी भरलेली खोली आणि वेगाने बदलणारे शॉट यांनी काम केलं. पाहून आलेली माणसं न दाखवलेल्या जखमांचं वर्णन करतात.

निकाल देण्याआधी प्रत तपासा

यातले बरेच चित्रपट आज आपल्यापर्यंत पोचतात ते बिघडलेल्या प्रतींतून. अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या चित्रपटाचा स्वामित्वहक्क टिकवायचा तर अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करावं लागे. छोट्या कंपन्या तोवर बंद झालेल्या असत, म्हणून चित्रपट सार्वजनिक मालकीचे झाले आणि कोणीही प्रतीवरून प्रत काढू लागलं. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं तर नाव बदलताना शीर्षकाच्या फ्रेमवरची हक्काची सूचनाच गळाली. प्रत्येक पिढीत काळ्या भागातला तपशील जातो. चांगल्या प्रकाशयोजनेचा प्रसंग अशा चौथ्या-पाचव्या प्रतीत डांबरासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट फ्रेमची. अनेक चित्रपट जवळजवळ चौकोनी, १.३७ प्रमाणाच्या (उंचीच्या १.३७ पट रुंद) फ्रेमवर चित्रित होत आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून १.८५ प्रमाणात दाखवले जात. झाकलेला भाग सुमारे पाव फ्रेम असतो. दूरचित्रवाणीसाठी प्रत काढताना तो उघडा राहिला, आणि थिएटरात कोणालाही न दिसलेला माइक वरून डोकावू लागला. तेव्हा माइक दिसला म्हणून कॅमेरामनला अडाणी ठरवण्याआधी प्रतीची चौकट पाहावी.

आणि तिसरी गोष्ट लांबीची. ‘द वास्प वुमन’ मुळात तासाभराचा होता. दूरचित्रवाणीला तो लहान पडला, म्हणून जॅक हिल यांच्याकडून नवी सुरुवात चित्रित करून घेऊन जोडली. त्यात गोष्टीतल्या शास्त्रज्ञाला मधमाशीपालनाच्या जागेवरच्या नोकरीवरून काढतात. आज सहज मिळणाऱ्या बऱ्याच प्रती याच आहेत, सत्तर मिनिटांच्या वरच्या. तशी प्रत समोर आली तर कॉर्मन यांचा चित्रपट प्रसाधन कंपनीच्या बैठकीपासून सुरू झाला असं धरून पाहा.